आधी लहान नळी, मग मोठी

आमच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक दुर्बीण आहे. ती तिथे का गेली, याचं एक कारण मी सगळ्यांना सांगते. पुण्यात आता आकाश उरलंय कुठे? जिकडेतिकडे दिव्यांचा उजेड, धूर, धूळ – बघायचं काय? लोकांना हे चटकन पटतं. पुण्यात पूर्वी अमुक होतं आणि आता राहिलं नाही, हे आमच्याकडे कुणालाही चटकन पटतं. खरं कारण मात्र मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, तेच बरं आहे.

कुठून सुरुवात करू? दुर्बिणीपासूनच करते. तेवढा भाग सोपा आहे.

मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या सभ्य भाषेत त्यांना कळवायच्या. या कामात मी चांगली आहे. फारच चांगली आहे असं म्हणतात. लॉकडाउननंतर पुन्हा कंपनीच्या बसमध्ये तासन् तास बसायची वेळ आली, तेव्हा एकदम वाटलं, की आपल्या आयुष्यात स्वतःचं असं काहीच नाही. त्या सुमारास आकाशदर्शनाच्या एका मंडळाचे रविवारचे वर्ग सुरू झाले. शिकवायला एक निवृत्त प्राध्यापक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, ‘दुर्बीण घ्यायची घाई करू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखायला शिका, मग द्विनेत्री घ्या, दुर्बिणीचं नंतर बघू.’ मी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात दुर्बीण घेऊन आले.

साडेचार इंची आरशाची, तीन पायांवर उभी राहणारी. अमेय – माझा नवरा – खोक्याकडे बघून म्हणाला, ‘छान. ट्रेडमिलवर कपडे मावत नव्हतेच.’

पहिल्या संध्याकाळी मला चंद्रसुद्धा सापडला नाही. हसू नका, ज्याने पहिली दुर्बीण घेतलीय त्याला विचारा. चंद्र कर्वेनगरच्या डोक्यावर ढळढळीत उभा होता आणि मी नळी इकडेतिकडे हलवत नुसता काळोख बघत होते. नंतर कळलं, की मोठ्या नळीत आकाशाचा अगदी एवढासा तुकडा दिसतो. म्हणून तिच्या अंगाला एक लहान नळी जोडलेली असते. तिच्यात आकाश ऐसपैस दिसतं आणि मधोमध एक फुली असते. आधी लहान नळीला डोळा लावायचा, हवं ते फुलीवर आणायचं, मग मोठ्या नळीतून बघायचं. आमच्या दुर्बिणीत मोठ्या नळीचं डोळा लावायचं भिंगही बाजूलाच, वरच्या अंगाला होतं. लहान नळीच्या अगदी शेजारी, वीतभर अंतरावर. हे लक्षात ठेवा.

घरात या सगळ्याचं कौतुक एकाच माणसाला होतं. माझ्या सासूबाईंना. मी त्यांना आई म्हणते.

आईंनी जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलं. ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. शेकडो नंबर त्यांना तोंडपाठ होते, आणि नातेवाइकांचे, गॅसवाल्याचे, माझ्या माहेरचे, अगदी बंद पडलेल्या लँडलाइनचेसुद्धा अजून पाठ होते. आम्ही मोबाईल उघडायच्या आत त्या नंबर सांगून मोकळ्या व्हायच्या, वर ‘यंत्राला जरा वेळ लागतो’ असा टोमणा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर डोळेही नव्याने मिळाल्यासारखे झाले होते. सुईत दोरा ओवून द्यायच्या, लांबून येणाऱ्या बसचा नंबर आमच्या आधी वाचायच्या. दसरा-दिवाळीला झेंडू आणायला एकट्या बसने मार्केट यार्डात जायच्या, कारण ‘इथला झेंडू म्हणजे नुसतं नाव.’

त्या माझ्याबरोबर गच्चीवर यायच्या. गणपती होऊन गेल्यावर ढग फाटले तेव्हा त्यांना शनी दाखवला, कडं स्पष्ट दिसत होतं. त्या कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘अगं, हा खरंच असा आहे?’ त्या एका वाक्यासाठी मी दुर्बीण घेतली होती असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

लहान नळीला त्यांनी नाव ठेवलं होतं – ऑपरेटर. ‘आधी ऑपरेटरला गाठायचं, मग ती जोडून देणार. बरोबर?’ मी म्हणायची, बरोबर. मी त्यांच्याकडून ते अक्षरशः घोकून घेतलं होतं. आधी लहान नळी, मग मोठी. त्या कधी चुकल्या नाहीत. सांगते ना – त्या कधीच चुकल्या नाहीत.

मग ती दिवाळी आली. तुम्हाला आठवत असेल, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये एक भाकड दिवस आला होता आणि त्या संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. अर्धवट गिळलेला सूर्य तसाच मावळणार होता. आईंनी आयुष्यात ग्रहण पाहिलं नव्हतं. वेध पाळायच्या, फराळाच्या डब्यांत तुळशीची पानं टाकायच्या, सुटेपर्यंत आत बसून राहायच्या. मी त्यांना आठवडाभर छेडत होते. ऑफिसच्या ग्रुपवर अंधश्रद्धेवर लांबलचक मेसेज टाकत होते आणि घरी आईंना म्हणत होते, शनीला भेटलात, आता सूर्याला काय घाबरता? शेवटी त्या म्हणाल्या, ‘एवढं म्हणतेस तर येते बाई. पण उपाशी येईन हं.’ त्या माझ्यासाठी आल्या. ग्रहणासाठी नाही.

सूर्य बघताना मोठ्या नळीच्या तोंडावर फिल्टर लावावा लागतो, तो मी लावला होता. आणि लहान नळी? वर्गात सरांनी बजावून सांगितलं होतं – सूर्याच्या दिवशी लहान नळी काढून ठेवा. मोठीला फिल्टर लावून लोक लहानीला विसरतात, आणि तिच्यातला सूर्यही डोळा भाजतो. नवशिक्यांची ठरलेली चूक आहे ही. मी ते ऐकलं होतं. पण ती काढली तर पुन्हा बसवून जुळवायला माझ्या दोन-तीन संध्याकाळी जायच्या, आणि मला सूर्य मावळल्यावर ऑफिसच्या मंडळींना लगेच गुरू दाखवायचा होता. पटकन, सराईतासारखा. तिचं टोपण दिवाळीच्या साफसफाईत कुठेतरी गेलं होतं. म्हणून मी तिच्या तोंडावर रुमाल दुहेरी करून बांधला. झाकली गेली. तेवढ्यापुरतं पुरेसं होतं.

ऑफिसमधले पाच-सहाजण आले होते, सोसायटीतले काहीजण होते. अमेय खाली चहाचं बघत होता. सगळ्यांनी ग्रहणाचे पुठ्ठ्याचे चष्मे लावून वर बघितलं, रांगेने दुर्बिणीतून बघितलं. मी समजावून सांगत होते. आवाज जरा चढलाच होता माझा. मग माझा एक सहकारी म्हणाला, ‘मीनल, दुर्बिणीबरोबर तुझा फोटो काढू. पण ते फडकं काढ ना, दाढ दुखत असल्यासारखी दिसतेय ती.’

सगळे हसले. मीही हसले. आणि मी रुमाल काढला.

फोटो काढले. मग कुणीतरी म्हणालं, तिकडच्या कठड्यापाशी सगळ्यांचा एक घेऊ. आम्ही तिकडे गेलो. रुमाल माझ्या हातातच होता. मी तो कठड्यावर ठेवला असेन, पुन्हा उचलला असेन – ते काही महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की आई इतका वेळ पाण्याच्या टाकीपाशी बाजूला उभ्या होत्या. माझ्या ऑफिसच्या लोकांत मधेमधे नको म्हणून. दुर्बीण मोकळी झाली तेव्हा त्या पुढे आल्या.

मी वळले तेव्हा त्या लहान नळीवर वाकलेल्या होत्या.

आधी लहान नळी, मग मोठी.

किती वेळ वाकल्या होत्या? मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की मी ओरडले नाही. ‘आई, नका!’ – दोन शब्द लागले असते. गच्ची काही मैदान नव्हती, त्यांना ऐकू गेलं असतं. पण ओरडले असते तर सगळे वळले असते, आणि सगळ्यांना दिसलं असतं मी काय करून ठेवलंय. मी चालत गेले. भरभर गेले, पण चालत. चेहऱ्यावर फोटोतलं हसू तसंच होतं.

मी पोचेपर्यंत त्या सरळ झाल्या होत्या. पदराने डोळा टिपत होत्या. म्हणाल्या, ‘फार तेज आहे गं. ऑपरेटरकडे नुसता उजेडच उजेड. आता मोठीत बघू?’

मी म्हणाले, बघा.

त्या मोठ्या नळीवर वाकल्या आणि मी त्यांच्या पाठीमागून हात घालून लहान नळीवर रुमाल परत बांधला. गाठ बसत नव्हती, दोनदा मारावी लागली. तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘दिसला गं. कडेचा तुकडा मोडलेल्या भाकरीसारखा.’ आता वाटतं, त्यांना तेव्हा काहीही दिसलं नसणार. माझ्या पाहुण्यांसमोर माझं मन राखायला म्हणाल्या असतील.

कोणत्या नळीतून बघितलंत, डोळ्याला काही होतंय का – मी काहीच विचारलं नाही. जे माहीत असतं ते माणूस विचारत नाही. काळोख पडल्यावर मी सगळ्यांना गुरू दाखवला. त्याचे चार चंद्रही दाखवले. लोक फार खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पाडवा. औक्षणाच्या वेळी आई म्हणाल्या, ‘निरांजन दिसतंय, पण ज्योतीच्या जागी डाग आहे.’ मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एकेक डोळा झाकून पाहिला. उजव्या डोळ्याला काट्यांची टोकं दिसत होती, मधला भाग दिसत नव्हता. अमेयच्या चेहऱ्याकडे बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘कान दिसतात तुझे. नाक कुठे ठेवलंस?’ आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. त्यांनी पडद्याचा फोटो काढला आणि सांगितलं, सूर्याने भाजलंय, अगदी मधोमध. यावर औषध नाही, थोडं आपोआप भरून येईल, थोडं तसंच राहील. मग विचारलं, कशातून पाहिलंत? आई सांगायला लागल्या, ‘अहो, सुनेची दुर्बीण आहे. तर मी आधी त्या लहान –’

मी मध्येच बोलले. ‘दुर्बिणीला फिल्टर होता, डॉक्टर. आईंनी वर बघताना मध्येच चष्मा काढला होता. मी पाहिलं.’

मी पाहिलं. ‘काढला असेल’ म्हणाले असते तरी भागलं असतं. पण मला कामाची सवय – चूक कळवायची तर शंकेला जागा ठेवायची नाही.

आई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. कुणी आपलं नाव विचारावं आणि ते चटकन सुचू नये, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग म्हणाल्या, ‘हो का? काढला असेन मग.’

रिक्षात परतताना त्या एवढंच बोलल्या – ‘मी चष्मा काढला, आणि मला आठवत कसं नाही?’

इथपर्यंत जे सांगितलं, ते वाईट आहे. पण मी तुमच्याशी बोलायला बसले ते यासाठी नाही. डोळा निष्काळजीपणाने गेला. पुढचं निष्काळजीपणाने झालेलं नाही.

आईंनी स्वतःवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. आपण एक गोष्ट केली आणि आपल्याला ती पुसटशीही आठवत नाही – ज्या बाईची सगळी मिजास आठवणीची होती, तिला हे किती लागलं असेल? दूध उतू गेलं की त्या म्हणायच्या, बघ. दूध कुणाच्या घरी उतू जात नाही? पण त्या म्हणायच्या, बघ, मी विसरले. अमेयच्या डोक्यात ते बसलं. त्याने हळूहळू त्यांना गॅसपाशी एकटं सोडणं बंद केलं, मार्केट यार्डाला जायचं नाही म्हणाला, एकट्याने बस नको म्हणाला. तो वाईट मुलगा नाही, काळजीनेच करत होता. मला विचारायचा, तुला काय वाटतं, आईचं विसरणं वाढलंय का? मी म्हणायची, वयानुसार होतंच रे.

मेंदूच्या डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं आणि म्हणाले, स्मरणशक्ती उत्तम आहे, माझ्यापेक्षा चांगली. आईंना वाटलं, म्हातारीचं मन राखताहेत. शंका एकदा आत शिरली की शाबासकीसुद्धा खोटी वाटते. आता कुणी नंबर विचारला तर त्या म्हणतात, ‘मोबाईलमध्ये बघा बाई, माझा भरवसा नाही.’ नंबर त्यांना येतो. मी त्यांचे ओठ हलताना पाहिलेत.

अमेयची आत्या एकदा घरी आली आणि आईंना म्हणाली, ‘ग्रहण बघू नये म्हणतात ते काही उगाच नाही. डोळा गेला आणि डोकंही फिरलं बघ तुझं.’ अंधश्रद्धेवर हातभर मेसेज लिहिणारी मी तिथेच बसले होते. तिला चहा दिला. तिची समजूत मला सोयीची होती.

तेव्हा मी मनाशी म्हणायची, सांगून डोळा थोडाच परत येणार आहे? हे सबब म्हणून नाही सांगत, मी कशी होते ते सांगते. डोळा आला नसता. पण सांगितलं असतं तर त्या एका क्षणात आईंना त्यांचं डोकं परत मिळालं असतं. कुठल्याही दिवशी सांगितलं असतं तरी मिळालं असतं. रोज सकाळी, ‘मी गोळी घेतली ना गं?’ असं त्या मला विचारतात तेव्हाही. घेतलेली असते. त्यांना माहीत असतं. तरी माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवेपर्यंत त्यांचा स्वतःवर विश्वास बसत नाही. या घरात खरं काय झालं आणि काय नाही, हे आता माझ्या मानेवर ठरतं.

गेल्या आठवड्याची गोष्ट. यंदाची दिवाळी संपली होती, आम्ही दोघी आकाशकंदील उतरवून फराळाचे डबे रिकामे करत बसलो होतो. अमेय बाहेर गेला होता. आई म्हणाल्या, ‘मीनल, एक विचारू? हसू नकोस हं.’

मी म्हणाले, विचारा.

‘त्या ग्रहणाच्या दिवशी मी चष्मा काढलाच नव्हता, असं मला वाटतं. मला दिसतं ते असं – मी आधी ऑपरेटरकडे गेले, तू शिकवलंस तशी. त्या नळीवर रुमाल नव्हता. डोळ्यात एकदम लख्ख झालं. मग तू आलीस, आणि मी मोठीत बघत होते तेव्हा तू मागून रुमाल बांधलास. गाठ दोनदा मारलीस. तुझी बांगडी माझ्या खांद्याला लागली.’ त्यांनी हातातल्या डब्यातला चुरा झटकला. ‘इतकं स्वच्छ आहे गं ते. हे खरं, का हेही माझ्या डोक्यातलंच?’

बांगडीचं मी विसरले होते. त्या विसरल्या नव्हत्या.

तीन वर्षं ज्या गोष्टीची मला भीती वाटत होती, ती त्यांनी स्वतःच माझ्यासमोर आणून ठेवली होती. आरोप म्हणून नाही, तपासून द्यायला. मी फक्त हो म्हणायचं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्या रागावल्या नसत्या, हेही मला माहीत होतं. मग मला कशाची भीती वाटली? मी खूप विचार केला, मला अजून सांगता येत नाही.

मी म्हणाले, ‘नाही आई. रुमाल बांधलेलाच होता.’

त्यांनी हळूच मान हलवली. हातातल्या डब्याचं झाकण लावलं. ‘बरं झालं विचारलं,’ म्हणाल्या. ‘नाहीतर उगाच तुझ्यावर आळ घेतला असता मी.’

रात्री अमेय आल्यावर त्यांनी आपणहून त्याला सांगितलं, मला त्या मेंदूच्या डॉक्टरांकडे परत ने, आता मला न झालेल्या गोष्टीही आठवायला लागल्यात. अमेयला सुट्टी नाही. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे आणि मी त्यांना घेऊन जाणार आहे. मघाशी झोपायला जाताना त्या दारात थांबून म्हणाल्या, ‘डॉक्टरांशी उद्या तूच बोल हं. तुला सगळं नीट आठवतं.’

मी हो म्हणाले.